पिंपातली यात्रा

मी पाण्यातला माणूस. डोंगराशी माझा कधी संबंध आला नाही आणि देवाशी आला तो बेताचाच. आमचं घराणं कोष्ट्यांचं, नागपुरात गोळीबार चौकाच्या मागे घराघरात माग चालायचे तेव्हाचं. पण माझ्या हातात धोटा टिकला नाही. लहानपणी तलावात डुंबायची खोड लागली, तीच पुढे पोटाचं साधन झाली आणि नागपूरच्या उत्तरेला एका धरणावर मी पाणबुड्या म्हणून लागलो. पाठीवर हवेच्या टाक्या बांधायच्या, तोंडात नळी धरायची, पायात रबरी पंख चढवायचे आणि खोल पाण्यात उतरून दरवाज्याच्या खाचेत अडकलेले दगड, गाळ, लाकडं मोकळी करायची, हे आमचं काम. मोहल्ल्यात कुणालाच ते नीट समजावता आलं नाही. मी तलावातून मढी काढतो अशी लोकांची आपली पक्की समजूत. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस जरा सरकूनच बसायचा. मला त्याचं हसू यायचं. अंग कमावलेलं होतं, छाती भरलेली होती आणि आपल्याला लाज वाटण्यासारखं जगात काही आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

माझे सासरे मात्र खरे विणकर आणि त्याहून खरे महादेवाचे भक्त. दरवर्षी महाशिवरात्रीला ते मोहल्ल्यातली माणसं एका ट्रकमध्ये घालून पचमढीला न्यायचे. आमच्याकडे अशा जथ्याला पोहा म्हणतात आणि त्याच्या म्होरक्याला भगत. पचमढीच्या डोंगरांत चौरागड म्हणून एक शिखर आहे. नवस फेडणारे तिथे खांद्यावरून लोखंडी त्रिशूळ नेऊन वाहतात. माझ्या बायकोची दोन बाळंतपणं अर्ध्यावर फसली होती. तिसऱ्या वेळी सासऱ्यांनी परस्पर महादेवाला बोलून टाकलं की लेक सुखरूप सुटली तर जावई त्रिशूळ घेऊन चौरागड चढतील. नवस त्यांचा, खांदा माझा. मला त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मुलगी झाली, बाळसेदार झाली, आणि मग मला नाही म्हणायला तोंड उरलं नाही. मनातून मात्र मी या सगळ्याला हसत होतो हे इथे लिहून ठेवतो.

शिवरात्रीच्या आधी धरणावरचं काम उरकायचं होतं, कारण त्याच सुमारास आमच्या टोळीचा तिथला ठेकाच संपत होता. आमचे उस्ताद मालवणकडचे. समुद्रात आयुष्य गेलेला, शिस्तीचा आणि मायेचा माणूस. पाण्यातून वर येताना टप्प्याटप्प्याने थांबा, घाई करू नका, वर आल्यावर आराम करा, असं ते सारखं बजावत. शेवटच्या दिवशी आम्ही सकाळपासून पुनःपुन्हा तळाशी गेलो. दुपारी काम संपलं, तेव्हा सगळ्यांना जवळ बोलावून ते नेहमीचं वाक्य बोलले, "दोन दिवस कुणी विमानात बसायचं नाही हां." आम्ही खो खो हसलो. मी म्हणालो, "उस्ताद, आम्हाले एसटीत बसाले जागा भेटत नाही, अन् तुम्ही विमानाचं सांगून राहिले!" तेही हसले. मी कुठे जाणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि सांगावं असं मला वाटलं नाही. त्याच संध्याकाळी मी सासऱ्यांच्या ट्रकमध्ये चढलो.

पचमढीचा घाट चढताना उजवा खांदा दुखायला लागला. अंगाला खाज सुटली. मला वाटलं, ट्रकमध्ये दाटीवाटीने बसल्यामुळे होत असेल. सकाळी पायऱ्या चढायला लागलो. माझा त्रिशूळ पोह्यातला सगळ्यांत जड, कारण जावयाचा त्रिशूळ हलका असून कसं चालेल! सासऱ्यांच्या पोह्याचा एक कडक नियम होता, उचललेला त्रिशूळ वाटेत जमिनीला टेकवायचा नाही. "हर हर महादेव" म्हणत माणसं पुढे जात होती. जसजसे वर जात होतो तसतसा कमरेभोवती कुणी पट्टा आवळावा तसं व्हायला लागलं, मग पायांत मुंग्या आल्या, आणि निम्म्याहून जास्त वाट चढून गेल्यावर पाय नाहीसेच झाले. म्हणजे दिसत होते, पण माझे नव्हते. मी कोसळलो. सासरे मागेच होते. त्यांनी झेप घेतली आणि आधी त्रिशूळ धरला. मला धरलं ते नंतर.

"जावईबापू, काय झालं? काहून बसले?" ते विचारत होते. मी म्हणालो, "पाय नाहीत." त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "काही चुकलं काय तुमच्याकडून? आठवून पाहा. इथं लपवू नका." त्यांना हळू बोलल्यासारखं वाटलं असेल, पण पायऱ्यांवरच्या साऱ्या माणसांनी ते ऐकलं. माणसं थांबली, मला वळसा घालून जायला लागली. लग्नाच्या पंगतीत सरकून बसणारी माणसं मला आठवली, पण आता हसू येईना. सासऱ्यांनी स्वतःचा आणि माझा, दोन्ही त्रिशूळ खांद्यावर घेतले. "मी वरतं जाऊन देवापाशी गाऱ्हाणं घालतो. त्रिशूळ वाहिला का पाय येतील. तुम्ही इथंच राहा," असं म्हणून ते वर गेले. पोहाही त्यांच्यामागे गेला. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या जागी त्यांना दुसरं काही दिसणंच शक्य नव्हतं.

मी पायरीवर पडून होतो. माझं धोतर ओलं झालं होतं आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं. एक मुलगी नाकाला पदर लावून बाजूला झाली, तेव्हा मी खाली पाहिलं. महादेवाची वाट, शिवरात्रीचा दिवस, शेकडो माणसं, आणि मी, ज्याच्या दंडाला मोहल्ल्यातली पोरं लोंबकळायची, तो स्वतःच्या घाणीत पडलेला. मी डोळे गच्च मिटून घेतले. आपण दिसेनासे व्हावं एवढी एकच इच्छा उरली होती. तेव्हा अगदी जवळून एका बाईचा आवाज आला, "डोळे कायले मिटून राहिला गा?" तिने आपलं गाठोडं सोडलं, त्यातलं धुतलेलं लुगडं काढलं आणि सगळ्यांदेखत माझ्या कमरेखाली गुंडाळायला लागली. मी हाताने तिला ढकललं. तिने माझा हात बाजूला केला. "लाज कायची? लेकरू आजारी पडलं का त्याले लाज राहाते काय?" मग तिने आपल्या माणसांना आवाज दिला, "उचला गा याले, पाहून काय राहिले!" दोघांनी पाळीपाळीने मला पाठुंगळी घेतलं. ती माणसं भिवापूरकडची होती. ती बाई तिकडे मिरचीचे देठ खुडायला जायची, एवढं वाटेतल्या बोलण्यावरून कळलं. पायथ्याशी येईपर्यंत ती शेजारून चालत होती आणि लुगडं सुटलं की परत खोचत होती. मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

सासरे जवळजवळ धावतच खाली आले. त्रिशूळ वाहून झाले होते, आणि मी उठून उभा असणार याची त्यांना खात्री होती. मी परक्या लुगड्यात पडलेला दिसलो तेव्हा ते वाटेतच थबकले. त्यांचा चेहरा पाहवेना. भिवापूरच्या माणसांनी मला आमच्या ट्रकमध्ये चढवून दिलं आणि ती पुन्हा डोंगराकडे वळली. त्यांचं दर्शन राहिलं होतं. बाईने लुगडं परत घेतलं नाही. मी तिचं नावही विचारलं नाही.

नागपूरला येऊन मला धंतोलीतल्या एका दवाखान्यात टाकलं. डॉक्टर तरुण आणि मनापासून काम करणारे होते. त्यांनी टाचणी टोचून पाहिली, हातोडीने गुडघे ठोकले, पाठीचा फोटो काढला. काय झालं विचारलं की माझ्याआधी सासरे सांगत, "महादेवाले गेले होते, पायरीवर बसले ते बसलेच." मीही तेवढंच सांगत होतो. पाण्याचं मनातही आलं नाही, कारण पाण्यातून तर मी ठणठणीत वर आलो होतो आणि पडलो होतो डोंगरावर. मणक्याच्या शिरेला सूज असावी, असं म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. आता तर लघवीही होईना. दिवसातून अनेकदा नळी घालून ती काढावी लागे. नर्स आली की मी भिंतीकडे तोंड करायचो. बायको पडद्याबाहेर मुलीला घेऊन उभी राहायची आणि मी तिला आत येऊ द्यायचो नाही.

मोहल्ला भेटायला यायचा. कुणी अंगारा आणायचं, कुणी नारळ, आणि जाताना प्रत्येकजण खाली वाकून तोच प्रश्न विचारायचा, "काही राहिलं तर नाही ना?" मग मी स्वतःच शोधायला लागलो. दिवसभर पडल्या पडल्या आपल्या आयुष्याची झडती घेत होतो. सोमवारी धरणावर अंडं खाल्लं होतं. सासऱ्यांच्या महादेवाच्या गाण्यांची मित्रांमध्ये नक्कल केली होती. नवसाला मनातून हसलो होतो. सगळं काढून पाहिलं, पण दोन पाय जावेत एवढ्या मापाचं पाप काही सापडेना. सापडलं असतं तर बरं वाटलं असतं, निदान क्षमा मागता आली असती. कशाबद्दल लाज वाटतेय ते कळत नसताना नुसती लाज वाटत राहणं फार वाईट. मी बायकोला सांगितलं की मुलीला घेऊन माहेरी राहा, माझ्याकडे येऊ नको. ती म्हणाली, "अहो, बाबा रोज इथंच बसून राहिले, तर माहेर इथंच आहे." मी तिच्यावर ओरडलो. माझी अवस्था तोवर अशी झाली होती की पाय येणार नसतील तर मी नसलेलाच बरा, असं मनात घोळायला लागलं होतं.

अशा वेळी एका सकाळी उस्ताद दारात उभे राहिले, हातात संत्र्यांची पिशवी. खरं तर ते तोवर मालवणला पोचायला हवे होते. पण आमच्या कंपनीचं एक अवजड यंत्र कामठी रोडवरच्या गोदामातून मुंबईला पाठवायचं होतं आणि त्यासाठी ठरवलेल्या ट्रकचा ड्रायव्हर सुट्टी घेऊन गायब झाला होता. ट्रक हलेना म्हणून उस्ताद अडकले, बसून बसून कंटाळले आणि माझं घर शोधत निघाले. घरी कळलं की मी दवाखान्यात. "ड्रायव्हर कुठे गेला?" सासऱ्यांनी सहज विचारलं. "कुठे जाणार! इथली सगळी माणसं जातात तिथेच. महादेवाला." मग त्यांनी मला विचारलं, "आणि तुला काय झालं रे?" मी नेहमीचंच सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या हातातली पिशवी खाली गेली. "डोंगर? कधी चढलास? काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी? केवढा उंच डोंगर तो?" सासऱ्यांनी हात वर करून उंची दाखवली. उस्ताद माझ्या खाटेच्या कडेवर बसले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मी विमान म्हणालो," ते म्हणाले, "डोंगर म्हणालो नाही. मला काय ठाऊक तुमचा देव डोंगरावर राहतो ते!" आणि तो एवढा मोठा माणूस आमच्यासमोर रडायला लागला.

त्यांनी डॉक्टरांना समजावलं ते मलाही त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. खोल पाण्याच्या दाबाने श्वासातली हवा रक्तात मुरते आणि वर आल्यावर ती सावकाश निघून जाते. पण ती पुरती निघून जाण्याआधी उंचावर गेलं, तर तिथे दाब कमी. मग गोटी सोड्याची बाटली फोडावी तसे बुडबुडे अंगात उठतात आणि मणक्याच्या शिरांत अडकतात. उपाय एकच, माणसाला पुन्हा दाबाखाली न्यायचं, शुद्ध प्राणवायू द्यायचा आणि तासनतास हळूहळू दाब उतरवायचा. डॉक्टर म्हणाले, "हे मी पुस्तकात वाचलं होतं. नागपुरात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं." त्यांनी विचारलं, अशी सोय कुठे आहे? मुंबईशिवाय कुठे असणार! तेव्हा उस्ताद उठून उभे राहिले. मुंबईला पाठवायचं ते यंत्र म्हणजे तेच होतं. एक माणूस झोपेल आणि शेजारी दुसरा बसेल एवढं, आत हवेचा दाब भरता येणारं पोलादी पिंप, धरणावर कधी गरज पडली नाही म्हणून ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं. ड्रायव्हर महादेवाला गेला नसता तर ते निघून गेलं असतं. यात मी काही सिद्ध करू पाहत नाही, झालं तसं सांगतो.

मुंबईच्या एका जाणत्या डॉक्टरांना ट्रंककॉल लागला. उशीर झालाय, पण करून बघा, असं ते म्हणाले. दवाखान्यातून प्राणवायूची सिलिंडरं गेली, टेम्पोतून मी गेलो. आता प्रश्न आला की पिंपात माझ्यासोबत कोण बसणार? आत एक धडधाकट माणूस लागतोच. उस्तादांना बाहेर राहून झडपा सांभाळायच्या होत्या. डॉक्टरांना सर्दी झालेली, त्यांचे कान दाब सहन करणार नव्हते. टोळीतली बाकीची माणसं आपापल्या गावी गेलेली. बायको पुढे झाली तर डॉक्टरांनी अंगावर पिणाऱ्या मुलीकडे पाहून मान हलवली. तेव्हा सासरे म्हणाले, "मी जातो." मी जिवाच्या आकांताने नाही म्हणालो. कुणीही चालेल, हे नकोत. सासऱ्याने जावयाची घाण काढायची? त्यापेक्षा पाय नकोत मला! ते शांतपणे पायातल्या चपला काढत होते. "अख्खी जिंदगी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो मी. मले बसाले काय भेव?"

आग लागेल असं काहीही आत न्यायचं नव्हतं. त्यांच्या खिशातून काडेपेटी निघाली, विड्या निघाल्या, कापूर निघाला. डोक्याला तेल चोपडलेलं होतं ते साबणाने धुवायला लावलं. गळ्यातली रुद्राक्षमाळ तेवढी उस्तादांनी राहू दिली. दार बंद झालं आणि हवा भरायला लागली. मोठा आवाज, उकाडा, कान दुखायला लागले. मी त्यांना नाक दाबून फुंकर मारायला सांगितलं. त्यांनी मारली आणि खूश होऊन म्हणाले, "हे तर प्राणायामच होय!" दाबाने त्यांचा आवाज किनरा झाला होता. एरवी मला हसू फुटलं असतं. माझ्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बांधलेला होता. एका बाजूच्या गोल काचेतून बायको दिसत होती आणि आतला प्रत्येक शब्द बाहेर कर्ण्यातून ऐकू जात होता.

बराच वेळ काही झालं नाही. मी छताकडे बघत होतो. सासरे माझे पाय चोळत होते आणि मला ते फक्त दिसत होतं. मग कधीतरी ओटीपोटात बारीकशी कळ आली. कितीक दिवसांत तिथून काही निरोपच आला नव्हता, म्हणून आधी मला ती ओळखूच येईना. मुखवटा जरा वेळ काढायची पाळी आली तेव्हा मी कसंबसं सांगितलं. बाहेरून उस्तादांचा आवाज आला, "भांडं धर! भांडं धर त्याचं!" सासऱ्यांनी भांडं घेतलं आणि माझं नेसूचं बाजूला केलं. झालं! माझं सगळं अंग आखडलं. कळ जीवघेणी झाली, पण थेंब येईना. समोर सासरे, काचेत बायको, कर्ण्यापलीकडे डॉक्टर, उस्ताद, गोदामाचा चौकीदार. मी डोळे मिटले आणि पुन्हा त्या पायरीवर जाऊन पडलो. मुखवटा परत बांधावा लागला.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "मी पाहून नाही राहिलो." मी डोळे उघडले. त्यांनी खरंच भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, भांडं मात्र दोन्ही हातांनी धरलेलं होतं. "लग्नात मी तुमचे पाय धुतले, तेव्हा तं मोठे ऐटीत बसले होते पाटावर. तेव्हा नाही लाजले. आता काहून लाजून राहिले?" बाहेर कुणीतरी हसलं. ते मात्र हसत नव्हते. पुढे म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. चुकलं तं माहं चुकलं. पायरीवर मी आधी त्रिशूळ धरला. वरतं जाऊन देवाले तोंड दाखवलं, अन् माह्या लेकीचा नवरा परक्या बाईनं झाकला. तेव्हापासून मले झोप नाही. आता हे भांडं तरी नीट धरू द्या मले." त्यांचा किनरा आवाज फुटला. मग त्यांनी भिंतीकडे बघतच "हर हर महादेव" म्हणायला सुरुवात केली, पायऱ्या चढताना म्हणतात त्या लयीत.

मला मुखवट्यात रडता येईना आणि रडणं थांबवताही येईना. मी काय धरून ठेवलं होतं ते मला तेव्हा दिसलं. अंगातली सारी ताकद गेली होती, पण लाज तेवढी घट्ट धरून मी पडलो होतो, जणू तेवढीच माझी कमाई. हा म्हातारा आपली सगळी अब्रू बाहेर काढून, काडेपेटी आणि कापुराबरोबर ठेवून आत आला होता. मी मनात म्हणालो, घे बाबा. कुणाला म्हणालो ते मला आजही ठाऊक नाही, सासऱ्यांना की आणखी कुणाला. आणि मोकळा झालो. भांड्यात आवाज झाला तो कर्ण्यातून साऱ्या गोदामात गेला. उस्तादांनी अशी आरोळी ठोकली की काच फुटेल असं वाटलं. बायको काचेला कपाळ लावून हसत होती आणि रडत होती. सासऱ्यांनी भांडं त्या पिंपाच्या छोट्या दुहेरी खिडकीतून तीर्थ द्यावं तसं सांभाळून बाहेर दिलं. त्या संध्याकाळी दाब उतरेपर्यंत माझ्या डाव्या पायाचा अंगठा हलायला लागला होता.

पुढे काही दिवस रोज आम्ही दोघं पिंपात जाऊन बसत होतो. सासऱ्यांना त्याची इतकी सवय झाली की ते घरून निघताना "चला, यात्रेले" म्हणायचे. ड्रायव्हर परतला तो कपाळाला भस्म लावून आणि आम्हा सगळ्यांसाठी प्रसाद घेऊन. उपचार पुरे होईपर्यंत उस्तादांनी त्याला थांबवून धरलं. मी आधी काठीच्या आधाराने, मग तिच्याशिवाय चालायला लागलो. थकलो की उजवा पाय अजून फरपटतो. पाण्यात उतरणं सुटलं. आता मी पोरांच्या टाक्यांत हवा भरून देतो आणि प्रत्येकाला बजावतो की विमान नाही, डोंगर नाही आणि दोन दिवस महादेवसुद्धा नाही. पोरं हसतात, मी त्यांना हसू देतो, पण कोण कुठे जाणार आहे ते नाव घेऊन विचारतो.

चालता यायला लागल्यावर मी आणि बायको भिवापूरला गेलो. नवीन लुगडं घेतलं होतं. मिरचीच्या ढिगांभोवती बाया ओळीने बसल्या होत्या, आमच्या नाकातोंडात ठसका जात होता. बायको मला म्हणाली, "पाहा, यातली कोणती?" मी प्रत्येकीकडे पाहत गेलो आणि मला सांगता येईना. तिच्या पायांची बोटं मला आठवत होती, हात आठवत होते, आवाज आठवत होता. चेहरा मी पाहिलाच नव्हता. देव कुठल्या रूपात आला असं लोक विचारतात. माझ्याकडे आला तेव्हा मी डोळे मिटून पडलो होतो, यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे नाही. ते लुगडं आम्ही तिथल्याच सगळ्यात म्हाताऱ्या बाईला दिलं. तिने कारण न विचारता घेतलं.

देवाला शरण जाणं म्हणजे काहीतरी उंच, पवित्र असेल असं मी समजत होतो. माझ्या बाबतीत ते एका भांड्यापाशी झालं. ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटते ते दुसऱ्याच्या हाती देता येणं, आणि त्याने ते नाक न मुरडता घेणं, एवढीच कृपा मला समजली आहे. पाप शोधणं मी सोडलं. लाज मात्र पूर्ण गेली असं म्हणणार नाही, ती स्वभावातच मुरली आहे. पण तिच्यामुळे आता मी कुणाला दूर ढकलत नाही.

दर शिवरात्रीच्या आधी सासऱ्यांच्या अंगणात पोहा जमतो. नवे यात्रेकरू असतात, शेजारपाजारच्या बाया असतात, आता कळत्या वयाची झालेली माझी मुलगी असते. चहा झाला की सासरे पिंपाची गोष्ट काढतात. ते काही म्हणजे काही गाळत नाहीत. नाक दाबून दाखवतात, किनरा आवाज काढतात, भांडं कसं धरलं ते दोन्ही हात पुढे करून दाखवतात आणि थेंब पडल्याचा आवाजसुद्धा तोंडाने काढतात. बाया पदराआड हसतात, पोरं लोळतात, आणि सगळे वळून माझ्याकडे बघतात. माझे कान तापतात, मान खाली जाते. पाय आता चालतात, केव्हाही उठून जाता येतं. मी बसून राहतो.